घरात फुफ्फुसाचा कॅन्सर झालाय आणि तुमची सिगरेट सुटत नाहीये? जीन्स समजून घ्या आणि ही कामं करा

हे कुणासाठी लिहितोय ते आधी सांगतो. ज्यांच्या घरात वडिलांना, काकांना किंवा मोठ्या भावाला फुफ्फुसाचा कॅन्सर झालाय, जे स्वतः सिगरेट-बिडी ओढतात, सोडून बघितली पण सुटली नाही, आणि आता रात्री पडल्या पडल्या डोक्यात येतं की हे आपल्या रक्तातच आहे का, आपलाही नंबर लागणार का. पुण्यात असे लोक सगळीकडे आहेत, हिंजवडीच्या टपरीवर ब्रेकमध्ये उभी असलेली तिशीतली पोरं आहेत आणि पेठेतले रिटायर्ड काकाही आहेत, आणि त्यांच्याकडून दोन गोष्टी ऐकू येतात. एक म्हणजे "आमच्या घराण्यातच आहे ते, व्हायचं तर होणारच, मग सोडून काय मिळणार", आणि दुसरी म्हणजे "आजोबा नव्वदीपर्यंत बिडी ओढत होते, काही झालं नाही, आमचं रक्त कणखर आहे". दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि पहिली जास्त घातक आहे कारण ती ऐकायला शास्त्रीय वाटते. मला कळकळीने सांगायचंय ते हेच की यातला सगळ्यात मोठा जो जीन सापडलाय तो कॅन्सरपर्यंत मुख्यतः धुराच्या वाटेने पोचतो, धूर बंद केला तर त्याची वाट बंद होते.

वही घ्या आणि घराण्याचा तक्ता काढा

हे काम घरीच होतं, पैसे लागत नाहीत, तरी फार कमी लोक करतात. मध्ये स्वतःचं नाव, वर आईवडील, बाजूला भाऊबहीण, खाली मुलं, ही झाली सगळ्यात जवळची फळी. मग दोन्हीकडचे आजीआजोबा, काका, आत्या, मामा, मावशी. काकू, मामी, आत्याचे यजमान यांना धरू नका कारण ते रक्ताचे नाहीत, पण आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न झालेली घरं बरीच आहेत, तसं असेल तर दोन्ही बाजू एकाच रक्ताच्या होतात, ते तक्त्यात नीट दिसू दे. प्रत्येकापुढे लिहायचं, कॅन्सर झाला का, कुठला, कितव्या वर्षी, आणि तंबाखू कुठल्या रूपात होती, बिडी, सिगरेट, मिश्री की तंबाखू-चुना, आणि रोजची साधारण किती. चुलीपुढे आयुष्य गेलं का, भोसरी-पिंपरीकडे फाउंड्रीत नोकरी होती का, रंगकाम करायचे का, हेही लिहा, कारण फाउंड्रीतली आणि रंगाची कामं ही स्वतःच फुफ्फुसाच्या कॅन्सरची मान्य झालेली कारणं आहेत.

घरातली मोठी माणसं हे सरळ सांगत नाहीत. "छातीचं दुखणं होतं" म्हणतील किंवा "टीबीची औषधं चालू होती पण गुण आला नाही". फुफ्फुसाच्या कॅन्सरवर आधी टीबी समजून उपचार होणं आपल्याकडे आजही घडतं, खोकला, वजन उतरणं, कफात रक्त हे सगळं दोन्हीत सारखंच असतं, त्यामुळे जे आजोबा बिडी ओढत होते आणि "टीबीने गेले" त्यांच्यापुढे एक प्रश्नचिन्ह टाकून ठेवा. उलटंही होतं. आत्याला फुफ्फुसात कॅन्सर होता असं सगळे सांगतात आणि जुनं डिस्चार्ज कार्ड काढलं की कळतं मूळ कॅन्सर स्तनात होता, तो नंतर फुफ्फुसात पसरला. तो फुफ्फुसाचा कॅन्सर नाही, तक्त्यात स्तनाचाच लिहायचा.

आता तक्त्यात बघायचं काय. आईवडील, भाऊबहीण किंवा मुलं यांच्यापैकी कुणाला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला असेल तर आपला धोका साधारण दीडपट धरतात, आणि हा आकडा सिगरेटचा हिशोब वेगळा काढल्यानंतरचा आहे. दोन-तीन जणांना झालाय किंवा कुणाला पन्नाशीच्या आतच झालाय तर जास्त गंभीरपणे घ्यायचं. पण एका घरातल्या लोकांचं नुसतं रक्त सारखं नसतं, घरातला धूरही एकच असतो. वडील हॉलमध्ये बसून ओढायचे आणि आई, मुलं सगळी त्याच धुरात वाढली, तर नुसत्या दुसऱ्याच्या धुरानेही न ओढणाऱ्याचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो.

युरोपातल्या नॉर्डिक देशांत लाखो जुळ्यांच्या नोंदी ठेवलेल्या आहेत, त्यावरून फुफ्फुसाच्या कॅन्सरमधला आनुवंशिक वाटा साधारण १८ टक्के निघाला. सिगरेटच्या व्यसनात मात्र जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास येतो. म्हणजे कॅन्सरपेक्षा व्यसनच जास्त वारशाने येतं. हा मुद्दा पुढे सारखा लागणार आहे.

पेशंटची फाईल असेल तर एकदा उघडा

बऱ्याच घरात घबराट इथून सुरू होते. वडिलांच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं "ईजीएफआर म्युटेशन पॉझिटिव्ह", मुलगा नेटवर म्युटेशन (म्हणजे जीनमधला बदल) शोधतो, जीन्सबद्दल वाचतो आणि ठरवून टाकतो की आपल्यातही ते आलंच असणार. तसं नसतं. ही टेस्ट गाठीच्या तुकड्यावर केलेली असते. तो बदल वडिलांच्या फुफ्फुसातल्या काही पेशींमध्ये त्यांच्या हयातीत झालेला असतो, तो जन्मापासूनचा नसतो आणि मुलाबाळांकडे जात नाही. भारतातल्या अ‍ॅडेनोकार्सिनोमा प्रकारच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या हिश्श्याच्या पेशंटमध्ये हा बदल सापडतो, आणि तो सापडला तर गोळीचा उपचार देता येतो म्हणून डॉक्टर ही टेस्ट करतात. एएलके, आरओएस१ हेही त्याच पठडीतले. एक अपवाद आहे, ईजीएफआरमधलाच टी७९०एम नावाचा बदल फार क्वचित जन्मजात असतो, उपचार सुरू व्हायच्या आधीच्याच रिपोर्टमध्ये तो दिसत असेल तर ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, एवढं एक विचारून घ्या.

१५ नंबरच्या क्रोमोसोमवर काय सापडलं

हा भाग थोडा लांब आहे पण सोडू नका.

१९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमध्ये दाखवून दिलं की सिगरेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध आहे. त्यावर रोनाल्ड फिशर, म्हणजे आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणारा माणूस, म्हणाले की थांबा, कदाचित एकच जीन माणसाला सिगरेटही ओढायला लावत असेल आणि कॅन्सरही करत असेल, मग सिगरेटला दोष कशाला. एकसारख्या जुळ्यांच्या सिगरेटच्या सवयी जास्त जुळतात हे त्यांनी पुढे केलं. ते स्वतः पाइप ओढायचे आणि तंबाखू कंपन्यांच्या समितीचे सल्लागारही होते. कंपन्यांना हा युक्तिवाद किती सोयीचा होता ते वेगळं सांगायला नको.

मग पन्नास वर्षांनी, एप्रिल २००८ मध्ये, आइसलँडची डीकोड ही जीन्सवर काम करणारी कंपनी, फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आयएआरसी ही कॅन्सर संशोधन संस्था आणि ह्यूस्टनचं एमडी अँडरसन हे कॅन्सर हॉस्पिटल अशा तीन ठिकाणच्या टीमचे पेपर एकदमच आले आणि तिघांचंही बोट एकाच जागेवर, १५ नंबरच्या क्रोमोसोमवरच्या (म्हणजे गुणसूत्रावरच्या) १५क्यू२५ या तुकड्यावर. तिथे सीएचआरएनए५, सीएचआरएनए३ आणि सीएचआरएनबी४ असे तीन जीन शेजारी शेजारी आहेत आणि तिन्ही काय बनवतात तर निकोटिन जिथे जाऊन चिकटतं त्या रिसेप्टरचे भाग. कॅन्सर शोधायला गेले आणि निकोटिनचं कुलूप हाताला लागलं. या तुकड्यातल्या धोक्याच्या प्रकाराची एक प्रत असेल तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका साधारण ३० टक्क्यांनी जास्त, आई आणि वडील दोघांकडून आली असेल तर साधारण ८० टक्क्यांनी जास्त, असं तेव्हा निघालं. यातून मोठा वादही झाला, आइसलँडवाले म्हणत होते की हा जीन सिगरेट वाढवतो आणि सिगरेट कॅन्सर करते, ल्योंवाल्यांना वाटत होतं की तो थेट फुफ्फुसावरही काही करत असावा. फिशरचा प्रश्न पुन्हा टेबलावर आला, पण आता मोजायची साधनं होती.

जीन करतो काय ते बघा. सीएचआरएनए५ मध्ये आरएस१६९६९९६८ नावाची एक जागा आहे, तिथे एक अक्षर बदललं की रिसेप्टरच्या आल्फा-५ भागात ३९८ व्या जागी अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिडऐवजी अ‍ॅस्परजिन येतं आणि रिसेप्टरचं काम मंदावतं. तुम्हाला वाटेल मंदावला तर बरंच की, निकोटिनची मजा कमी येईल. पण हा भाग मेंदूत हॅबेन्युला नावाच्या जागी जास्त असतो आणि तिथलं काम मजा देण्याचं नाही, निकोटिन जास्त झालं की नकोसं वाटायला लावण्याचं आहे. पंगतीत वाढणारा आला की पानावर आडवा धरलेला हात असतो ना, तसं हे आहे, आणि धोक्याचा प्रकार असलेल्यांचा हा हात उशिरा वर येतो. २०११ मध्ये उंदरांवर हे दाखवलं गेलं, ज्यांच्यात आल्फा-५ नव्हता ते उंदीर जास्त डोसचं निकोटिनही घेत राहिले, बाकीचे थांबले.

माणसांमध्ये हा फरक मोजला तर एका प्रतीमागे दिवसाला साधारण एकच सिगरेट जास्त निघते. एवढ्यानं एवढा कॅन्सर कसा वाढेल, हाच वादाचा मुद्दा होता. उत्तर कोटिनिनमध्ये मिळालं. निकोटिन शरीरात मोडलं की कोटिनिन बनतं आणि ते रक्तात, लघवीत मोजता येतं, ते मोजल्यावर दिसलं की धोक्याचा प्रकार असलेला माणूस सिगरेटी मोजून इतरांएवढ्याच ओढत असला तरी प्रत्येक सिगरेटमधून जास्त खेचतो, खोल झुरका घेतो, जास्त वेळ धूर आत ठेवतो, थोटकापर्यंत ओढतो. पाकिटं मोजून हे कळणारच नव्हतं. आणि दुसरी गोष्ट, ज्यांनी आयुष्यात कधी सिगरेट ओढली नाही त्यांच्यात या जीनचा कॅन्सरशी संबंध जवळजवळ दिसतच नाही. तुमच्या आईकडे हाच प्रकार दोन्ही प्रतींत असेल आणि ती कधी ओढत नसेल, तर तिच्या फुफ्फुसांना या जीनपासून फारसा त्रास नाही. फिशर म्हणत होते जीन सिगरेटच्या जागी गुन्हेगार आहे, निघालं ते असं की जीन सिगरेटच्याच हातून काम करतो.

हा प्रकार युरोपीय लोकांत खूप आहे, चीन-जपानकडे अगदी कमी, आणि भारतीय लोक मध्ये कुठेतरी येतात.

दुसरा जीन लिव्हरमधला, सीवायपी२ए६. निकोटिन मोडायचं मुख्य काम याचं. काहींच्यात तो जोरात चालतो, निकोटिन लवकर संपतं, तलफ लवकर येते, मीटिंग संपायच्या आधीच पाय टपरीकडे वळतात. काहींच्यात तो हळू चालतो, ते कमी ओढतात, त्यांना सोडायला त्यातल्या त्यात सोपं जातं आणि त्यांच्यात फुफ्फुसाचा कॅन्सरही कमी आढळतो. त्यामुळे मित्राने एका झटक्यात सोडली आणि मला जमत नाही म्हणजे माझ्यात दम नाही, असं स्वतःला बोलू नका, दोघांच्या लिव्हर वेगळ्या असतील.

आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं की सगळंच काही सिगरेटच्या वाटेने जात नाही. ५ नंबरच्या क्रोमोसोमवर टर्ट नावाच्या जीनजवळ एक जागा आहे, तिचा धोका न ओढणाऱ्यांनाही लागू होतो, मुख्यतः अ‍ॅडेनोकार्सिनोमाचा. तो धोका छोटासाच असतो. टीपी५३ सारख्या जीनमधले जन्मजात बिघाड मोठा धोका देतात पण ते फार दुर्मिळ आहेत. म्हणून न ओढणाऱ्या माणसाला कॅन्सर झाला की "लपून ओढत असेल" असं म्हणणाऱ्यांनी जरा जीभ आवरावी, त्या घरावर आधीच पुरेसं ओझं असतं.

मग जीनची टेस्ट करून घ्यायची का?

लाळेची नळी घरी पाठवणाऱ्या कंपन्या आता पुण्यातही कुरिअरने किट देतात आणि रिपोर्टमध्ये फुफ्फुस, व्यसन असं सगळं असतं. माझं स्पष्ट मत आहे की फक्त १५ नंबरचा हा प्रकार बघायला टेस्ट करू नका. धोक्याचा निघाला तर सिगरेट सोडायची आहे, बिनधोक्याचा निघाला तरी सोडायचीच आहे, मग रिपोर्टने ठरवलं काय? उलट "माझं चांगलं आलंय" म्हणून ओढत राहणारा माणूस त्या रिपोर्टमुळे मरू शकतो. धोका कमी निघणं म्हणजे ओढणाऱ्याचा धोका न ओढणाऱ्याइतका होणं नव्हे, त्याच्या जवळपासही नव्हे.

टेस्टचा विचार वेगळ्याच लोकांनी करायचा. तक्त्यात कधी न ओढलेल्या माणसाला पंचेचाळीसच्या आत फुफ्फुसाचा कॅन्सर झालेला दिसतोय, किंवा एकाच बाजूला फुफ्फुस, स्तन, बीजांडकोश, मेंदू, हाडाचा सार्कोमा असे बरेच कॅन्सर कमी वयात दिसतायत, तर तो तक्ता घेऊन ऑन्कॉलॉजिस्टकडे जा आणि जेनेटिक काउन्सेलरकडे पाठवायला सांगा, मोठ्या कॅन्सर हॉस्पिटल्समध्ये ते असतात. तिथे टेस्ट शक्यतो आधी पेशंटची होते, तो हयात असेल तर त्याचं रक्त आधी, मग तुमचं. हा क्रम उलटा झाला तर निकालाचा अर्थ लावणं अवघड होतं.

स्कॅनबद्दल थोडक्यात

लो-डोस (कमी किरणांच्या) सीटी स्कॅनने फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले हे अमेरिकेतल्या ५३ हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात २०११ मध्ये दिसलं. तिथला आताचा नियम ५० ते ८० वय, किमान २० पॅक-इयर, आणि अजून ओढतायत किंवा सोडून १५ वर्षं व्हायचीत असा आहे. पॅक-इयर काढायचं तर रोजच्या सिगरेटी भागिले २० गुणिले वर्षं, म्हणजे रोज १० प्रमाणे ३० वर्षं झाली तर १५. आपल्याकडे अडचण अशी की जुन्या टीबीचे व्रण आणि गाठी बऱ्याच जणांच्या छातीत असतात, स्कॅनमध्ये त्या दिसतात आणि मग बायॉप्सीपर्यंत विनाकारण धावपळ होते. म्हणून पॅकेज बघून स्वतःहून स्कॅन करू नका, छातीच्या डॉक्टरांना तक्ता आणि पॅक-इयर सांगून विचारा. साधा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. तीन आठवड्यांच्या वर खोकला, कफात रक्त, कारण नसताना वजन उतरणं, आवाज बसून तो न सुधारणं, यातलं काही असेल तर स्कॅनचे नियम बाजूला ठेवा आणि सरळ डॉक्टर गाठा.

आता मुख्य काम, सोडणं

आधी व्यसन किती घट्ट आहे ते मोजा. यासाठी फागरस्ट्रॉम टेस्ट वापरतात, सहा प्रश्न, दहा मार्क. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच, सकाळी उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळात? पाच मिनिटांत असेल तर ३ मार्क, अर्ध्या तासात २, तासाभरात १, त्याच्यानंतर शून्य. दिवसाला दहापर्यंत शून्य, वीसपर्यंत १, तीसपर्यंत २, पुढे ३. बाकीच्या चार प्रश्नांना होय असेल तर एकेक मार्क: मनाई असलेल्या ठिकाणी दम धरणं जड जातं का, सकाळची पहिली सोडणंच सगळ्यात अवघड वाटतं का, उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत जास्त ओढता का, आजारी पडून झोपलेले असतानाही ओढता का. सहा-सातच्या पुढे गेलात तर नुसत्या निर्धारावर राहू नका, औषध घ्याच. हे मोजमाप तुमच्यासाठी जीनच्या रिपोर्टपेक्षा कामाचं आहे, कारण जीन्स, लिव्हर, सवय, टेन्शन या सगळ्याचा एकत्र परिणाम यात उतरतो.

कमी करत नेण्याला सोडणं समजू नका. वीसवरून पाचवर आलो म्हणून लोक खूश असतात पण वर कोटिनिनचं सांगितलं ते आठवा, शरीर त्या पाचातूनच जास्त खेचून घेतं. लाइट सिगरेटचंही तेच. आणि सिगरेट सोडून तंबाखू-चुन्यावर जाणं हा आपल्याकडचा लाडका उपाय, महाराष्ट्रात तर धूर ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे कितीतरी पट जास्त आहेत, पण त्याने फुफ्फुसाऐवजी तोंडाचा कॅन्सर दारात येतो आणि निकोटिनची गुलामी तशीच राहते. घरात आजी मिश्री लावत असेल तर तीही याच व्यसनात आहे, तिलाही बरोबर घ्या.

तारीख ठरवा, दोन आठवड्यांच्या आतली. गणपतीनंतर, दिवाळीनंतर असं करत बसलं की वर्ष जातं.

निकोटिनची गम केमिस्टकडे मिळते, २ मिलिग्रॅमची चिठ्ठीशिवाय. ती खायची पद्धत जवळजवळ सगळे चुकतात आणि मग "गमने काही होत नाही" म्हणतात. साध्या च्युइंगगमसारखी चावायची नाही. हळू हळू चावायचं, झणझणलं की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, झणझण गेली की पुन्हा दोनचार वेळा चावायची, अर्धा तास चालते. भराभर चावली तर निकोटिन पोटात जातं, उचक्या आणि मळमळ होते, उपयोग होत नाही. आणि पुणेकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नको, आंबटपणामुळे निकोटिन तोंडातून शोषलंच जात नाही. पहिली सिगरेट उठल्यावर अर्ध्या तासात लागत असेल तर ४ मिलिग्रॅम लागते, ती डॉक्टरकडून लिहून घ्या. सुरुवातीला दिवसाला आठ-दहा गम लागतात, दोनच खाऊन कंजूषपणा करू नका. कातडीवर चिकटवायचा निकोटिनचा दिवसभराचा पॅच आणि तलफ आली की गम, अशी जोडी एकट्या गमपेक्षा जास्त चालते.

"निकोटिन वाईट आणि तुम्ही निकोटिनच घ्या म्हणता" असं विचारतात. व्यसन निकोटिनचं लागतं, पण कॅन्सर मुख्यतः धुरातला टार आणि बाकीची शेकडो रसायनं करतात. गममध्ये धूर नाही. १५ नंबरचा जीन निकोटिन मागतो, ते बिनधुराचं द्या आणि हळूहळू कमी करत न्या.

डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी व्हॅरेनिक्लिन ही गोळी आणखी जोरकस आहे. ती त्याच निकोटिनच्या रिसेप्टरला अर्धवट चालू करते त्यामुळे तलफ कमी होते आणि वरून सिगरेट ओढली तरी हवी ती मजा येत नाही. सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात, बारा आठवडे चालते, मळमळ आणि विचित्र स्वप्नं हे नेहमीचे त्रास. डोक्यावर परिणाम होतो अशी भीती पूर्वी होती, २०१६ मध्ये आठ हजारांहून जास्त लोकांवरच्या मोठ्या अभ्यासात तसं वाढलेलं दिसलं नाही, पण मानसिक आजाराची औषधं चालू असतील किंवा किडनीचा त्रास असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. ज्यांचं लिव्हर निकोटिन भराभर संपवतं त्यांना पॅचपेक्षा ही गोळी जास्त लागू पडते असं २०१५ मध्ये दाखवलं गेलंय, हळू संपवणाऱ्यांना पॅचनेही जवळपास तेवढंच जमतं. ती लिव्हरची टेस्ट आपल्याकडे रोजच्या वापरात नाही, पण पॅच नीट लावूनही पूर्वी जमलं नसेल तर तसं सांगून गोळीबद्दल विचारा.

चहाचं अजून एक. सिगरेटच्या धुराने लिव्हर कॅफिन जास्त वेगाने मोडायला लागतं, धूर बंद झाला की तेवढ्याच चहा-कॉफीने कॅफिन रक्तात जास्त साठतं, मग हात थरथरणं, झोप न येणं, चिडचिड, आणि माणसाला वाटतं ही सिगरेटचीच तलफ आहे. पहिले काही आठवडे चहा-कॉफी निम्म्यावर आणा. तसंही अमृततुल्यसमोर उभं राहिलं की हात खिशाकडे जातोच, चहा घरी किंवा ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून प्या.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, पहिला आठवडा जड, मग दोन ते चार आठवड्यांत बरंच निवळतं. एकेक तलफ काही मिनिटांची असते, तेवढा वेळ जागा सोडा, पाणी प्या, कुणाला तरी फोन लावा. मदतीचा सरकारी फुकट नंबर, म्हणजे क्विटलाइन, १८००-११-२३५६ आहे. तो पाकिटावर छापलेला असतो पण टपरीवर सुटी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही, सुटी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी असूनही, म्हणून इथे लिहितोय, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. समोरासमोर बोलायचं असेल तर सरकारी रुग्णालयांत आणि डेंटल कॉलेजांत तंबाखूमुक्ती केंद्रं आहेत, आणि दारूसुद्धा बरोबर असेल तर येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. दारू आणि सिगरेट जोडीने चालत असतील तर एकटी सिगरेट सुटणं कठीण जातं, तेही स्पष्ट सांगा.

वय झालं आता काय सोडायची, असं वाटत असेल तर डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांवर ५० वर्षं ठेवलेल्या नोंदींचा निकाल बघा, तिशीत सोडणाऱ्यांना साधारण १० वर्षं आयुष्य परत मिळालं, चाळिशीत ९, पन्नाशीत ६, साठीत ३. आणि जीनबद्दल अमेरिकेतला अभ्यास आहे, १५ नंबरचा धोक्याचा प्रकार दोन्ही प्रतींत असलेले लोक साधारण चार वर्षं उशिरा सोडतात आणि त्यांना कॅन्सर चार वर्षं लवकर सापडतो, पण सोडल्याचा फायदा मात्र त्यांनाही बाकीच्यांइतकाच मिळतो. जीन सोडायला उशीर करतो, सोडल्याचं फळ काढून घेत नाही.

आणि महिन्याभराने कुणाच्या लग्नात एक ओढली तर गम, पॅच किंवा गोळी बंद करू नका, तीच मोठी चूक ठरते. औषध चालू ठेवा, ती एक कुठे, कुणाबरोबर, कशानंतर ओढली ते लिहून ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरला किंवा क्विटलाइनला सांगा, डोस कमी पडत असेल तर ते वाढवून देतील. फागरस्ट्रॉमवर सातच्या पुढे असलेल्यांना एका प्रयत्नात सुटणं कमीच होतं, दुसऱ्या-तिसऱ्या वेळची तारीख त्याच आठवड्यात ठरवायची.